भिंतीपलीकडे जाणारी काच

अन् हात काढा जी तिथून, हात काढा — हां. वाचली बोटं तुमची. सगळे गिऱ्हाईक तिथंच हात ठेवते, काउंटर समजून. हे काउंटर नाही काकाजी, मशीनचं डोकं आहे. बटन दाबलं का हा वरचा काचेचा पाट कागदासकट सरकत सरकत पार त्या भिंतीकडं जाते अन् वापस येते. काहून जाते? ते जपानवाल्याइले विचारा! दुसऱ्या मशीनमधी म्हने दिवा फिरते अन् कागद गप पडून राह्यते. आमच्या मशीनमधी दिवा साहेबावानी बसून राह्यते अन् कागदालेच त्याच्यासमोरून चालत जा लागते. बसा ना, स्टूल घ्या. गरम व्हाले टाईम लागते तिले. घाईत आहे? मंग तर बसाच. घाईतल्या मानसाले ही बरोब्बर वळखते.

ते लाल नळकांडं का? आग विझवाचं आहे. मी नाही लावलं जी, कंपनीनंच मशीनले जोडून पाठवलं — आता बोला! ज्या मायनं जल्म देल्ला तिलेच पोराचा भरवसा नाही. घाबरू नका, तुमचा कागद वर काचेवरच राह्यते, आत जाते तो कोरा, अन् भाजला तर तोच भाजते. अन् हे बटन — हे दाबलं का घंटी वाजते. बस. घंटी वाजते अन् काहीच होत नाही. एका बंद पडलेल्या हापिसाच्या लिलावात घेतली ना मी ही, तिथं साहेबाले लागत असन घंटी. अजून एक — निळं दिसत नाही तिले. सीताबर्डीत सारी दुनिया निळ्या शाईनं लिवते, अन् हिले निळंच दिसत नाही! एका मास्तरनं दाखला आनला, झेरॉक्स निघाला तर हेडमास्तरची सहीच गायब. मास्तर मलेच विचारते, साहेब कुठं गेले म्हून. द्या, कागद द्या, झाली असन गरम.

पत्रिका होय का? पोराची का पोरीची? पोरीची — वा, वा. चांगल्या कामाले आले. चारी कोपऱ्याले कुंकू लावलं, पक्कं काम आहे. नाव काय हे... गोपिका. गाव उमरेड. गोपिका — नाही नाही, काही नाही जी, खोकला आला. ती काळी पूड राह्यते ना मशीनमधी, ती घशात जाते. तुमी मामा का पोरीचे? म्हनजे बाजूच्या दुकानातल्या मनकर्णाबाई तुमच्या बहीन — अन् त्याइनंच इकडं पाठवलं. हो, ब्लाऊज शिवते त्या, अन् पोरगी मावशी म्हून त्याइच्याजवळच राह्यते. नाही, मी कुठं वळखतो? म्हनजे वळखतो. शेजारी आहे तर वळखाच लागते, न वळखून कसं चालन? पाच झेरॉक्स! पाच कायले जी? पोरीची पत्रिका का सिनेमाचं पोस्टर आहे, चौकाचौकात लावाले?

भिंतीले भोक काहून? आता काय सांगू. दुकान चार हात, अन् पाट जाते पाच हात. पह्यल्याच दिवशी बटन दाबलं, पाट धाडकन भिंतीवर. भिंत अर्ध्या विटेची, मनकर्णाबाईले विचारलं, त्या म्हने फोडा, पन कापडाचा परदा लावा. आता झेरॉक्स काढला का आमचा पाट त्याइच्या दुकानात निंघते. निंघते कुठं? बरोब्बर तुमच्या भाचीच्या शिलाई मशीनपाशी! पह्यल्यांदा निंघाला तं पोरगी किंचाळली, तिनं कात्रीच हानली काचेवर. हा पाहा चरा. तवापासून प्रत्येक झेरॉक्सवर एक बारीक काळी रेघ येते. वकील लोक तक्रार करते. मी म्हनतो राहू द्या, आमच्या दुकानाची निशानी आहे. नाही जी, काच कायले बदलू?

मले तिकडचं काही दिसत नाही, शप्पत. पाट जाते, पाट येते. येताना कवा झाकनावर चहाचा कप राह्यते, कवा तर्रीपोह्याची प्लेट. मी नाही मागतले! एका अर्जावर तर्री सांडली, वकीलसाहेबाले म्हनलं, शाई आहे. आता शेजाऱ्याची प्लेट खाली कशी वापस पाठवा, तुमीच सांगा, बरं दिसते का? तं मीबी ठेवतो काही. चिवडा ठेवतो. एखादा गजरा — म्हनजे एकदाच, दसऱ्याले. अन् गिऱ्हाईक नसलं तं प्लेट पाठवाले मशीन चालवाच लागते ना? मंग कोऱ्या कागदाचा झेरॉक्स काढतो. हो जी, कोऱ्याचा कोरा. मशीन चालती राह्यलेली बरी, नाही तं गंजते.

हं, हा पाहा, निंघाला पह्यला. अरे राम! कुंकू काळं आलं पाहा. चारी कोपरे काळे. मी काय करू, लाल तिले काळंच दिसते. असा कागद तुमी पोराकडच्याइले देनार? तेरवीची चिठ्ठी वाटून राहिली ही. मी तं म्हनतो राहूच द्या काकाजी, शकुन नाही हा. घाई कायची आहे? पोरगी काही वाऱ्यावर नाही. मन लावून शिवते, बोलाले तिखट आहे पन हासते तं भिंतीच्या इकडं ऐकू — काढा म्हनता? कुंकवावर पट्टी ठेवून? बरं. तुमची मर्जी. पोरगा कोन आहे? रामटेकचा, ब्यांकेत. हं. पक्की नोकरी, पेन्शन. दुकानवाला नाही पायजे. बरोबर आहे जी तुमचं. दुकानाचं काय — लाईन गेली का दुकान गेलं. नाही, मले कायले वाईट वाटन?

वाटलं. लपवू कायले, वाटलं मले वाईट. अहो, आमचेबी हातमाग होते उमरेडले! नाव कृष्णकांत, बाप रुपराव — तुमच्या गावचेच. बाप जल्मभर मागावर धोटा इकडून तिकडं फेकत होता, मी पाट फेकून राहिलो, घर त्याच्यावर चालतेच ना? ब्यांकवाल्याले तिच्या हातचा चहा — त्याले मालूम आहे का, तिले रागात साखर टाकाची याद राह्यत नाही? मले मालूम आहे. कप पाहून समजते मले, आज तिचा मूड कसा आहे. जाऊ द्या. तुमी मोठे मानूस, मी काय बोलून राहिलो. काढतो झेरॉक्स. हे दाबलं बटन. गेला पाट. पाहा, कसा शानमधी जाते तिकडं.

तिकडची शिलाई मशीन बंद झाली, ऐकलं? चालूच राह्यते ती, कवा थांबत नाही.

आला वापस. हा — आँ? कागद कुठं गेला? झाकनाखाली तं काहीच नाही! नाही जी, मी हातबी नाही लावला, तुमच्या डोळ्यासमोर आहे ना मी! झेरॉक्स पाहा — वर नाव आलं, अन् खालच्या कुंडलीतल्या ग्रहाइच्या जागी सारा अंधार. अहो काकाजी, वरडू नका, तिकडं पोरगी आहे — हो, तीच आहे तिकडं, मनकर्णाबाई तं बटनं आनाले गेल्या बजारात. काय म्हनते ती? परद्याजवळ या, ऐका ना. 'मामा, रामटेकवाल्याले सांगा, पत्रिका मशीननं खाल्ली.'

अवं, मशीनले काहून बदनाम करतं वं तू! म्हनजे — तुमी. तुमी काहून बदनाम करता जी, गोपिकाबाई. मशीन कागद वढते, पन कोरा वढते. सांग ना सरळ, तूच घेतली म्हून. ऐकलं ना सारं? मंग बोल ना पुढं. मीच बोलू?

काय म्हनता काकाजी? माझी? माझी पत्रिका? आहे ना. म्हनजे घरी आहे, मायच्या पेटीत. मंगळ आहे का काय, मालूम नाही, विचारतो. आता? आताच आनू? तुमी उठू नका जी, तुमी बसा, पानी घ्या...

ओ भाऊ, झेरॉक्स नाही. दिवा चालू दिसते तं दिसू द्या. नाही म्हनलं ना — घरचं बोलनं चालू आहे आमचं. जा तुमी.