इतर माहितीचा रकाना

झाडासमोर? म्हणजे माझ्या ह्या पेरूच्या झाडासमोर उभं करणार तुम्ही त्यांना? — मागे हिरवं दिसलं की जंगल वाटेल, असं म्हणताय. वाटेल हो, का नाही वाटणार, पलीकडच्यांची पाण्याची टाकी तेवढी दिसू देऊ नका म्हणजे झालं. बसा. नाही, आत नाही, इथेच ओट्यावर बसा, विक्रांतजी. तुम्ही चर्चचे सेक्रेटरी असाल, पण घर माझं आहे, आणि मागच्या खोलीत माणिकभाऊ पडलेत, आठवडा झाला धड जेवले नाहीत, तिथे मला विचारल्याशिवाय कुणी जायचं नाही. काय म्हणालात मघाशी? मिशनरी रविवार आहे, दोन मिनिटांचा व्हिडिओ हवा, टावर चौकात कुणीतरी त्यांना मेडिकलच्या दुकानात पाहिलं तेव्हा कळलं की इथेच आहेत, बरं झालं, प्रवास वाचला — आणि पुढे काय म्हणालात? दोघं नवराबायको सोबत असतील तर अजून छान. परत म्हणा बरं. दोघं.

अश्विनी गेली, विक्रांतजी. मागच्या पावसाळ्यात, गणपती बसले त्याच्या दुसऱ्या दिवशी. असे माझ्याकडे काय बघता? कावीळ झाली, अंगात भिनली, अलीराजपूरच्या पुढे कुठे त्यांचं ते गाव, नाल्याला पाणी, गाडी येईना — चार पोरांनी खाटेवर घालून आणली रस्त्यापर्यंत, तिथेच गेली. आठ वर्षं त्या गावात लोकांची दुखणी काढली तिने, पोरांना वाचायला शिकवलं माणिकभाऊंनी, आणि तिला मूठमाती द्यायला तुमच्यातलं एक माणूस नव्हतं. मला कसं माहीत? नर्सिंग शिकत होती तेव्हा माझ्याकडे डबा खायची ना ती, दोन वर्षं. लसणाची चटणी जास्त लागायची तिला. म्हणून तर दिवाळीनंतर नानाखेड्याच्या बस स्टँडवर उतरून माणिकभाऊ सरळ माझ्या दारात आले — म्हणाले, काकू, उज्जैनमध्ये दुसरं घर माहीत नाही. चर्च आहे इथे, त्या चर्चने पाठवलेला माणूस, आणि म्हणतो दुसरं घर माहीत नाही. कॉलनीत दोघीतिघींनी नाकं मुरडली, की कोण आणून ठेवलाय घरात. मी म्हटलं, माझ्या हातची भाजी चालते ना तुम्हाला, मग गप जेवा.

कळवलं नाही म्हणता? शी. असं तोंड वर करून बोलू नका. तुमचा तो तीन महिन्यांचा रिपोर्ट असतो ना, छापील — किती गावं फिरलात, किती पुस्तकं वाटली, किती सभा घेतल्या, रकानेच रकाने — त्याचा फोटो आहे त्यांच्या फोनमध्ये, मला दाखवलाय. सगळं भरलंय त्या माणसाने. बायकोला पुरून अठरा दिवस झाले होते आणि तो बसून गावं मोजतोय. तब्येत कशी आहे, झोप लागते का, घरी सगळे बरे आहेत का, असा एक रकाना नाही हो तुमच्या कागदात, मग लिहिणार कुठे? शेवटी 'इतर माहिती' असं आहे, दोन बोटं जागा, तिथे लिहिलं — माझी पत्नी अश्विनी हिचं एकोणतीस तारखेला निधन झालं. आणि खाली उत्तर, दुसऱ्याच मिनिटाला. 'रिपोर्ट मिली. प्रभु की स्तुति हो.' हात जोडल्याचं चित्र. हा नंबर तुमचाच ना? मग वाचलं नव्हतं असं तरी म्हणा. वाचलं नव्हतं — हं. ते बरं, की वाचून पाठवलं असतं तर बरं, मला नाही ठरवता येत. मला दोन्हीची शिसारी येते.

आणि मी काही ऐकीव बोलत नाहीये. मी आले होते तुमच्या चर्चला. मतलब, संक्रांतीनंतरच्या रविवारी, मागच्या बाकावर बसले होते, पदर घेऊन. भिंतीवर तुमच्या मिशनऱ्यांच्या नावांचा तक्ता, त्यावर ह्या दोघांचा फोटो, लग्नानंतरचा असेल, ती हसतेय — आणि पुढे उभं राहून एक गृहस्थ म्हणतायत, हे प्रभु, अपने दास माणिक को और उसकी पत्नी अश्विनी को तंदुरुस्त रख. तंदुरुस्त. चार महिने झाले होते तिला जाऊन. आणि सगळ्यांनी म्हटलं आमेन, मोठ्याने, पोराबाळांसकट. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तक्त्यावर नाव आहे म्हणून वाचायचं, दर रविवारी, यादी वाचल्यासारखं, आणि तो माणूस तीन किलोमीटरवर माझ्या मागच्या खोलीत छताकडे बघत पडलेला. पगार बिनचूक जातो त्यांना, ते मी नाकारत नाही. पण ते बँकेचं मशीन करतं. माणसाने काय करायचं? महिन्याला एक फोन करायचा, काम सोडून दुसरं काहीतरी विचारायचं. गावाला जाऊन दोन दिवस राहायचं, त्यांच्या हातचं खायचं. दुखलं खुपलं तर गाडी कुणाची, डॉक्टर कोण, हे आधी ठरवून ठेवायचं. मी डबे देते पन्नास पोरांना, कुणाचा डबा दोन दिवस तसाच परत आला तर खोलीवर जाऊन बघते. मी काही फार शिकलेली नाही.

काय? मग मी तेव्हाच का नाही बोलले? — मी का बोलायचं, मी कोण तुमची? नाही, बोलायला हवं होतं. चिठ्ठी होती माझ्याकडे. माणिकभाऊंनीच दिली होती. स्वतः एकदा गेले होते ते, फाटकापर्यंत पोचले आणि आत पाऊल टाकवेना, परत आले, म्हणून मला पाठवलं. नंतर व्हरांड्यात एका बाईंनी चहा दिला मला, चांगल्या होत्या, म्हणाल्या नवीन आलात का, कुणाला भेटायचंय. मी म्हटलं, कुणाला नाही. इतकी किळस आली होती ना मला, की म्हटलं ह्यांच्या हातात नाही द्यायची ही चिठ्ठी.

किळस होतीच. पण — आता सुरूच झालंय तर ऐका. हे जाऊन सहा वर्षं झाली, मुलगा सौमित्र बेंगलोरला, घरात मी आणि कुकर. संध्याकाळी माणिकभाऊ समोर बसून मेथी निवडायचे, अश्विनीचं काहीबाही सांगायचे, मी माझं सांगायची. तुम्हाला कळलं असतं तर गाडी घेऊन आला असता आणि नेलं असतं त्यांना, बरोबर ना? म्हणून घरी येऊन त्यांना सांगितलं, दिली चिठ्ठी. रविवारी येतो म्हणाले चर्चवाले. आणि तेव्हापासून तो माणूस दर रविवारी इस्त्रीचा शर्ट घालून त्या खुर्चीत बसायचा, दुपारी दोनपासून दिवे लागेपर्यंत. मी समोरून पोळ्या लाटायची आणि बघायची. अकरा रविवार. ह्या रविवारी शर्ट मागितलाच नाही त्यांनी. तेव्हापासून जेवण बंद आहे.

चिठ्ठी तांदळाच्या डब्यात आहे. देते. पण एक ऐका माझं, विक्रांतजी — आत गेल्यावर म्हणा की चिठ्ठी मिळाली होती, तुम्हीच विसरलात. एवढं वाचायचं राहिलं तुमच्याकडून, त्यात आणखी एक. तुम्हाला काय फरक पडतो? मला पडतो. मी दोन वेळा वाढते त्यांना, मला तोंड दाखवायचंय त्यांना. तुम्ही आज आहात, उद्या व्हिडिओ घेऊन —

हो म्हणालात?

घेता अंगावर? कशाला घेता हो, मी असं बोलले तुम्हाला. रडू नका. फोन ठेवा आधी तो खिशात. बायकोचं विचारणार आहात ना त्यांना, की नुसतं सॉरी? विचारा. ती काय काय करायची ते विचारा, खूप सांगतात. आणि इंदूरला तो मनाचा डॉक्टर आहे, तिथे न्यायला हवंय, मी एकटी नाही नेऊ शकत, रोज कुणीतरी यायला हवं, पाळीपाळीने, नुसतं बसायला. न्यायचं असेल कायमचं तर तेही न्या. मी बॅग भरून देईन.

नाही, थांबा. तुम्ही नका जाऊ आधी. ते चिठ्ठीचं माझं मलाच सांगू दे. इथेच बसा.

माणिकभाऊ — जागे आहात का? मी जयू.