नावाची पाटी

अंबडला आमच्या गल्लीत नळाला आठ दिवसांनी पाणी येतं. तेवढं ध्यानात ठेवा, मंग हसा.

त्या दिवशी टाकी काठोकाठ भरली आणि मी नवं ड्रिल मशीन काढलं. फाटकाजवळच्या भिंतीवर नावाची पाटी लावायची होती. मिस्त्री कशाला? मोबाइलवर व्हिडिओ बघितला होता ना!

समोरच्या शेवंताकाकू म्हणाल्या, "पाटी कशाला रे? तुझं घर कोणाला माहीत न्हाई?"

मी ऐकलं न्हाई. दुसऱ्याच भोकाला भिंतीतला पाइप फुटला आणि पाण्याची धार थेट रस्त्यावर! टाकीचा कॉक बंद करायला गच्चीवर पळालो, तर तो गंजून जाम. खालून काकूंचा आवाज आला, "हंडे आणा गं, जल्दी!"

वाकून बघतो तर सगळी गल्ली हंडे-कळशा घेऊन माझ्या भिंतीशी. माझं डोकंच फिरलं. ओरडलो, "काकू, माझं आठ दिवसांचं पाणी हाय ते!"

"मंग रस्त्याला पाजू का?" काकूंनी वर न बघताच धारेखाली हंडा लावला.

टाकी रिकामी झाली. दुसऱ्या दिवशी प्लंबर पाइप जोडून गेला आणि मागोमाग काकू आल्या, डोक्यावर भरलेला हंडा. त्यांच्यामागे अख्खी गल्ली. एकेकीनं जिना चढून पाणी टाकीत ओतलं. मी मान खाली घालून झाकण धरून उभा.

जाताना काकूंनी विचारलं, "पाटी कधी लावतो रे?"

"राहू द्या काकू," मी म्हणालो, "घर सगळ्यांना माहीत हाय."