पलटणीची मॅच आणि सदलग्याचं पाव्हणं

उठू नका, उठू नका पाव्हणं! मौनानं जेवणारा माणूस मधनंच उठला की जेवण मोडलं, आणि दिवस मावळायला आलाय, परत पानावर बसता यायचं न्हाय — उद्या सकाळपातूर उपाशी ऱ्हाशीला माझ्या घरात. आणि कशापायी? तुमचं पोरगं आमच्या चंदनासंगं वर माळवदावर गेलं म्हणून? असू द्या की. तिची आई तारामती हाय वर, दोघांच्या मधी पाट टाकून बसलीया. आणि हा आरडाओरडा भांडणाचा न्हाय, डोळं एवढं मोठं करू नका. माझ्या वखारीच्या मागं मैदान हाय, तितं मॅच चाललीया. फुटबॉल. आमचा निपाणीचा वीरविजय क्लब आणि बेळगावच्या क्यांपातली पलटण. शील्डचा हंगाम निम्मा झालाय आणि आमी सगळ्यात — थांबा हं — चंदनाऽ! काय झालं गं?… ऐकलासा? "हुकला" म्हणाली. कुणाचा हुकला ते इचारायची गरज न्हाय. ज्या आवाजात म्हणाली त्यावरनं आमचाच हुकला.

आमटी वाढू? हात आडवा केलासा म्हणजे नको. बरं. तुमचं मौन हाय हे लई झाक झालं बघा, न्हायतर पोरगी बघाय आलेला माणूस हजार गोष्टी इचारतोय. आणि चूक म्हणाल तर तुमच्या सुकुमारचीच. पोरीनं पोह्याचं ताट ठेवलं, मान खाली घालून उभी ऱ्हायली, सगळं रीतीत चाललंतं — मैदानावर ओरडा झाला आणि तुमच्या पोरानं सरळ तिलाच इचारलं, "काय झालं हो?" तिलाच! म्या हितं बसलोय, तुमी हितं बसलाय, आणि तिला! ती काय, वाटच बघत होती. "कार्नर मिळाला असंल," म्हणाली. "कार्नर म्हणजे?" म्हणाला. कार्नर म्हणजे काय ते खालनं कसं सांगणार? गेली घेऊन वर. तुमीच सांगा आता — न्हाय, सांगू नका, जेवा.

म्या मैदानावर का जात न्हाय म्हणताय व्हय? तुमी कुठलं म्हणताय, मीच म्हणतोय. जायचो की. पैल्या सालापास्नं जायचो, छत्री घेऊन, शिट्टी घेऊन. पर म्या गेलो की आमी हरतो. म्या न्हाय गेलो तरी हरतो, पर गेलो की ते डोळ्यानं बघाय लागतंय. एकदा अनगोळच्या पोरांनी आमच्यावर एवढं गोल केलं, एवढं गोल केलं, की पंचानं शिट्टी मारायची सोडून नुस्ती मान हलवायला सुरवात केली. त्या दिवशी घरी आलो आणि छातीत अशी कळ याय लागली, की वैद्यानं सांगितलं, भूपालशेट, तंबाखूचा भाव पडला तर चालंल, पर मैदानाकडं फिरकू नका. तवापास्नं म्या हितं सोप्यात बसतोय, चंदना वर माळवदावर उभी ऱ्हाती, आणि वरनं सांगती. इंग्रजी दुसरीपातूर शिकली पोरगी, आणि तिचं समदं इंग्रजी फुटबॉलातच खर्ची पडलं — फाऊल, हँड, आऊट. आणि सांगती कशी? गोल झाला की आधी गप्प बसती. मला हळूच तयार करती. "आप्पा, पाणी प्यालासा का?" म्हणती. म्हणजे समजायचं, झाला गोल.

हरतो का म्हणजे? अवो, दिवस मावळतोय की! तुमाला सांगायला काय, तुमीबी त्यातलंच. आमच्या संघात आठ पोरं जैनाची, दिवस मावळायच्या आत जेवणारी. पैल्या हाफात वाघावानी खेळतात. पलटणीला पळता भुई थोडी. दुसरा हाफ लागला, ऊन कलंडलं, की एकेकाची नजर बॉलावरनं सुटून आभाळाकडं जाती. आधी आमचा ब्याक जातोय — त्याचं घर लांब, नदीपल्याड. मग फारवर्ड. अशी आठीच्या आठी पोरं जेवाय घरी जातात, आणि मागं तीन उरतात — मष्णू, नागोजी आणि शामू. समोर अकरा. एकदा तर पलटणीच्या गोऱ्या साहेबानं इचारलं, तुमची पोरं घाबरून पळाली काय? मष्णूनं सांगितलं, न्हाय साहेब, आमटी गार व्हायलीया.

म्हणलं ह्यावर काय तरी केलं पायजे. मीच डोस्कं लढवलं. हाफ टायमाला जेवणच मैदानावर न्यायचं! तारामतीनं हंडाभर हुग्गी केली, गव्हाची, गूळ-तूप घालून, वर आमटी-भात. पोरं रेघेवर पंगत धरून बसली. जेवली हो, पोटभर जेवली, आग्रह मीच केला. आणि दुसऱ्या हाफात कुणी पळंचना! आमचा गोलकीपर आण्णाप्पा खांबाला टेकला तो टेकलाच, घोरायला लागला. त्याचं आधीच निराळं त्रांगडं — चातुर्मासात त्यानं नेम धरलाय, पायाखाली किडामुंगी येऊ द्यायची न्हाय. पावसाळ्यातलं मैदान, मुंग्या काय थोड्या? बॉल यालाय म्हणलं की आधी खाली बघतोय, मग पाय उचलतोय. तवर बॉल जाळीत. पर नेम म्हणजे नेम, त्याला कोण काय बोलणार? त्या दिवशी मातूर एकबी मुंगी मेली न्हाय, कारण तो हललाच न्हाय.

ताक घ्या… चंदनाऽ! काय चाललंय गं?… "बघालोय आप्पा" म्हणाली. बघालोय! काय बघालोय? बघालोय म्हणून मला काय कळणार? हे असं कधी करत न्हाय ती.

बरं, तर मी काय सांगत होतो — व्हय, आषाढात. आषाढात बेडकीहाळचं पाव्हणं आलं चंदनाला बघाय. चातुर्मासात लगीन न्हाय, पर बघाय कुठं मुहूर्त लागतोय? त्या दिवशी अनगोळसंग मॅच. पोरगी ताट घेऊन यालीया, आणि मैदानावर जो काय गलका झाला! तिनं काय करावं? समदं ताट नवरदेवाच्या चुलत्याच्या मांडीवर ठेवलं, "जरा धरा हं" म्हणाली, आणि पळाली माळवदावर. माणसं पाण्याला न शिवता उठून गेली. तारामती डोळ्याला पदर लावून बसली. आणि तेवढ्यात वरनं — "आप्पाऽ! जितलो!" अवो, ह्या सालात पैल्यांदा! दारातनं सोयरीक मोडून पाव्हणं निघालेलं, आणि म्या गुलालाचं ताट घेऊन त्यांच्या पाठोपाठ पळालतो. त्यांना वाटलं समजूत काढाय आलो. म्या त्यांच्याच अंगावर गुलाल टाकला आणि पुढं गेलो.

त्याच्या पुढच्या मॅचला घरात पाव्हणं न्हाई. हरलो. दणकून हरलो. तवा म्या इचार केला — इचार करणारा माणूस हाय मी, वखार अशीच न्हाय चालवत — आणि चिकोडीच्या पाव्हण्यांना मुद्दाम मॅचच्याच दिवशी बोलवलं. त्यांना पोरगी पसंत पडायला लागली, तवा हळूच सांगितलं, की पोरगी झोपंत चालती. गेले. आणि मॅच बरोबरीत सुटली! मागल्या पंधरवड्यात खडकलाटचे आले, त्यांना सांगितलं, पोरीला भाकरी थापता येत न्हाय आणि थापली तर कुणाला खाता येत न्हाय. तेबी गेले. जितलो! आता ह्याला तुमी काय म्हणशीला? ह्याला योगायोग म्हणतात व्हय? म्हणून तर आज पलटणीसारखी बलदंड टीम येणार म्हणल्यावर म्या तारामतीला म्हणलं, आज हलकीसलकी माणसं चालायची न्हाईत, आज सदलग्याच्या बाबगोंडा पाटलांनाच —

हात का थांबला, पाव्हणं? जेवा की. म्हणजे तसं न्हाय हो… तुमाला बोलवलं ते तुमच्या घराण्याकडं बघूनच. नुस्तं त्याच्यासाठी कशाला बोलवीन मी? अर्धं त्याच्यासाठी. आणि पोरगी खरंच — म्हणजे आता इषय निघालाच हाय तर — लई मोठ्यानं बोलती बघा. घरंदाज घरात शोभायचं न्हाय. चार घरं ऐकू जाती तिची हाक. भाकरीचं तर मघाशी सांगितलंच… तीच खाल्लीसा तुमी? आता पानात व्हती ती? तिनं न्हाय, तिच्या आईनं केली असंल… हसताय व्हय? मौनात हसलेलं चालतंय?

चंदनाऽ! आमची पोरं गेली का जेवाय?… काय?… तारामती बोलली. तिला काय कळतंय? "लाल अंगरख्याची पोरं घराकडं निघाल्यात" म्हणाली. म्हणजे गेली. आठी गेली. उरले तिघं. आणि तुमचा सुकुमारबी वरच की! दिवस टेकला अवो, त्याचं पान वाढून ठेवलंय, त्याला बोलवा — सुकुमारऽ! जेवाय येताय न्हवं? दिवस मावळतोय!… काय म्हणाला? "ऱ्हाऊ दे" म्हणाला? मॅचपायी जेवण ऱ्हाऊ दे? पाटील, तुमचं पोरगं असं कधी — कधीच न्हाय? मान हलवू नका जोरात, ठसका लागंल. आमची आठीच्या आठी पोरं घरी पळाली, आणि ज्याचा ह्या गावाशी संबंध न्हाय त्यो माळवदावर उपास धरून उभा! इपरीतच हाय सगळं.

झालं जेवण? घ्या, हातावर पाणी घ्या. सुपारी घ्या. आता बोला, मौन सुटलं. बोला, रागावलासा तर रागवा, म्या ऐकून घेतो, तुमी रागानं उठून गेलासा तरी म्या वाईट वाटून घेणार न्हाय, उलट लवकर गेलासा तर बरंच, अजून खेळ संपला न्हाय —

काय म्हणालासा?

पसंत?

अवो, काय ऐकलं न्हाईसा तुमी एवढा येळ? झोपंत चालती म्हणालो न्हाय व्हय मी? खोटं बोलतोय ते कळलं? कुणाला बी कळंल? मग चिकोडीवाल्यांना कसं न्हाय कळलं? … त्यांना हुंडा कमी पडला असंल म्हणताय. आणि सोयरीक मोडली म्हणून मॅच जितलो असं काय नसतंय म्हणताय. असंल. तुमी शिकलेला माणूस. पर जरा थांबा तरी. खेळ संपूपातूर थांबा, मग पसंत म्हणा. एवढी घाई काय हाय?

मला पोरगी द्यायची न्हाय? कोण म्हणालं? कुठला बाप असं म्हणतोय? सदलगा काय लांब न्हाय. माणसं चांगली, पोरगं चांगलं, मुकाट बसून माझं एवढं ऐकून घेतलंसा तुमी… द्यायचीच हाय हो. आज न्हाय उद्या द्यायचीच हाय. पर म्या काय म्हणतोय — हंगाम निम्माच झालाय. आता तुमी कार्तिकात लगीन धरशीला. ती सदलग्याला जाईल. आणि पुढच्या पावसाळ्यात म्या हितं ह्याच पाटावर बसीन, मागं मैदानावर गलका हुईल, आणि म्या हाक मारीन, काय झालं गं? तारामती सांगंल, पोरं पळालीत. पोरं पळालीत हे मलाबी म्हाईत हाय! कुणीकडं पळालीत? कुणाच्या पायात हाय? आणि पाणी प्यालासा का म्हणून कोण इचारणार? … हे म्या आजपातूर कुणाजवळ बोललो न्हाय. तारामतीजवळबी न्हाय. तुमी मौन धरलंतासा म्हणून बोललो असीन.

ऐका! केवढा ओरडा! — चंदनाऽ! गोल का? कुणाचा?… चंदना?… काय बोलंना. हसायचा आवाज यालाय. दोघं हसालेत. ती त्यालाच सांगालीया बघा. "त्यो बघा मष्णू, त्यो एकटाच तिघांना" — हे ती मला सांगायची हो. शब्दाला शब्द हाच. आता त्याला सांगालीया, आणि हळू सांगालीया. माझी पोरगी, जिची हाक चार घरं ऐकू जाती, ती हळू बोलालीया.

शिट्टी झाली. लांब शिट्टी. संपली मॅच. आता कुणीच ओरडंना. चंदनाऽ! काय झालं?… अगं, काय झालं?… बाबगोंडाअण्णा, तुमी तरी हाक मारा.

— कोण बोललं? सुकुमार व्हय? परत एकदा म्हणा, जरा मोठ्यानं म्हणा, बाबा!

"मामाऽ! आपण हरलो!"

आपण म्हणाला?

ऐकलासा तुमी? "आपण" म्हणाला… तारामती! खाली ये. पाव्हण्यांच्या हातावर साखर घाल.