तडकलेला भोपळा आणि बारा दिवस

मंडळी, ऐका! एक प्रश्न टाकतो. जे गेलं, ते गेलं नाही असं दाखवायला — जे हातात उरलंय तेही घालवावं का?

"नाही"? वा! काय जोरात म्हणालात! घरी जाऊन माळा उघडून बघा, मग बोला!

मिरजेत नूरुद्दीन नावाचा तंबोरे करणारा होता. चौथी पिढी. तंबोऱ्याचा भोपळा — भाजीतला नव्हे हो, काका! — जाड सालीचा, कडू. दोन उन्हाळे आढ्याला टांगून वाळवायचा, असा त्यांच्या घरचा नेम. पण एक भोपळा इतका देखणा आला... जणू वेलीला चंद्रच लागला! नूरुद्दीनला धीर धरवेना. एकाच उन्हाळ्यात उतरवला. कापला, दांडी जोडली, आणि सहा महिने वेलबुट्टी कोरत बसला.

चैत्र आला, ऊन तापलं, आणि — टक्!

केसाएवढी चीर. सरस भरला. सकाळी बोटभर! पुन्हा भरला. वीतभर!

त्यात गाणं शिकवणाऱ्या अंबूताई लेले दारात. "मास्तर, माझ्या शिष्येचं पहिलं गाणं बारा दिवसांवर आलं. तंबोरा होत नसेल तर स्पष्ट सांगा, शेजारच्या दुकानातून घेते."

"होतोय, बाई!"

चार पिढ्यांचं नाव — बारा दिवसांच्या दोरीवर!

त्या गेल्यावर बायको हसीनाबी म्हणाली, "अजी, आढ्याला दुसरा आहे. दोन उन्हाळे वाळलेला. साधाच करा, होईल वेळेत."

"आणि माझे सहा महिने? गटारात घालू?"

"ते घालून झाले की!"

हसताय? नूरुद्दीन नाही हसला. सरसाचा कुंचला घेऊन बसला. दुपारची वेळ... डोळा लागला...

आणि मंडळी, तो भोपळ्याच्या आत!

आत केवढं! गाभाऱ्यासारखं. मधाच्या रंगाचा उजेड. भिंतीतून षड्ज झिरपतोय. आणि भिंतीला टेकून, ओळीनं, माणसं बसलेली. कोण? त्याचे गेलेले दिवस! दिवाळीतला एक — अंगावर भुसा. थंडीतला एक — बोट कापलेलं.

"उठा रे," तो म्हणाला, "चला माझ्याबरोबर."

"आम्ही नाही येणार, मास्तर. चीर भरा, नका भरू. आम्ही आता इथलेच."

चिरेला डोळा लावला. बाहेर अंगणात बारा जण उभे. चपला घालून, निघायच्या तयारीत! बघता बघता त्यातला एक आत आला... भिंतीला टेकला... बसला.

अकरा.

— पेटीवाले, थांबा. गोष्ट इथं मोडतो. काही ऐकू येतंय? नाही ना? दिवस जातो, तेव्हा एवढाच आवाज होतो. —

जाग आली तर ऊन उतरलेलं. समोर हसीनाबी, हातात चहा.

"एकच सांगा. हा तंबोरा, असाच चिरेसकट, आज बाजारात दिसला — तर घ्याल विकत?"

"मी? खुळा हाय का मी?"

म्हणाला. आणि स्वतःचंच बोलणं ऐकून कुंचला खाली ठेवला. चहा निवला.

मग म्हणाला, "शिडी आण."

अकरा दिवस! ना पान, ना फूल, ना वेल. बाराव्या दिवशी अंबूताईंनी तार छेडली, कान लावला, डोळे मिटले. खूप वेळ मिटलेलेच. मग म्हणाल्या, "मास्तर, हा आधी का नाही काढलात?"

मंडळी, कॉलेजातली मुलं याला बुडीत खर्च म्हणतात. तो वहीत लिहावा जरूर — पण पुढचं ठरवताना त्याला मत देऊ नये! परीक्षेत हे लिहून गुण मिळवतात. आणि तेच पुढे तीन वर्षं न चाललेलं दुकान चौथ्या वर्षी रेटतात. का? तर तीन वर्षं रेटलं म्हणून! तुम्ही काय रेटताय? धंदा? भांडण? भावाशी धरलेला अबोला?

आता गजर करू. पण आज घरी जाऊन कुणाला "चुकलो" म्हणायचं असेल, त्यानं गजराला थांबू नये. चपला घालाव्यात, निघावं. विठ्ठल रागावत नाही. बाकीच्यांनी — वाजवा टाळी!