ओट्यावर ठेवू नको

—नाही नाही, तिथे ठेवू नको पेला! हातातच धर. कोकम सरबत आहे ते, एक थेंब सांडला ना, तर आमची पूर्वी ऑफिसातून आल्या आल्या विचारेल, "आई, इथे काय सांडलं?" — ओरडणार नाही हां, आमची सून ओरडत नाही, गोड आवाजात विचारते, आणि मग स्पंज घेऊन घासत बसते, माझ्याकडे न बघता. त्यापेक्षा ओरडलेली बरी. तर हा ओटा. हाच बघायला आलीस ना सतराव्या मजल्यावरून? उद्या तुझ्याकडे माप घ्यायला माणूस येतोय म्हणे. सकाळी जाताना मला सांगून गेली, "मृणालिनी येईल, तिला आपला काँक्रीटचा ओटा दाखवा, तुमचा अनुभव सांगा." अनुभव! घे, हात लाव. लाव गो, चावत नाही. कसा लागतो? … मॅट? बरं, मॅट. बाय माझे, ह्याला आम्ही लालबागच्या चाळीत कोबा म्हणायचो.

कोबा माहीत नाही तुला? सिमेंट ओतायचं, थापीने सपाट करायचं, झाली जमीन. आमच्या खोलीत जमीन कोब्याची आणि स्टोव्ह ठेवायचा तो वीतभर उंचीचा ओटाही कोब्याचाच. ह्यांनी स्वतः घातला होता, गिरणीतले दोघे दोस्त हाताशी घेऊन. मला विचारलं, "नलू, सिमेंटात लाल रंग टाकू का?" मी काय म्हणणार — "तुम्हाला आवडेल ते." झाला लाल. एक दिवाळी चकचकीत राहिला आणि मग पडायला लागल्या भेगा. भेगेत पीठ, पिठाला मुंग्या, मुंग्या गेल्या की झुरळं — शी! एकदा तर भाकऱ्या थापत होते आणि भेगेतून निघाली पिल्लं, थेट परातीत. ते पीठ फेकलं मी, पण दिवसभर घास उतरला नाही. अख्खा संसार त्या सिमेंटाला घासण्यात गेला गो. ओल्या सिमेंटाचा तो कोंदट वास असतो ना, तो अजून नाकात बसलाय माझ्या. आणि आता इथे, करी रोडच्या टॉवरात, लिफ्टने वर यायचं, आरशात बघायचं, आणि घरात शिरून हौसेने घातलेला कोबा पुसायचा!

अगं, बिल्डरने ग्रॅनाइट दिला होता. आयता. काळाभोर. चावी मिळाली त्या दिवशी सगळे गॅलरीत धावले समुद्र दिसतो का बघायला — नाही दिसत, वरळीच्या इमारती दिसतात — आणि मी इथे उभी होते. नख फिरवलं या टोकापासून त्या टोकापर्यंत. कुठे अडकलं नाही. तोंड दिसत होतं माझं त्यात. म्हटलं, सुटले बाई एकदाची. हे असते तर ह्यांनाही दाखवला असता, पण ते तोवर गेले होते. आणि तो ग्रॅनाइट काय झाला? फोडला. घणाने. गोणपाटात भरून खाली नेला, मी दार उघडून धरलं होतं त्या लोकांसाठी.

मग ह्या काँक्रीटच्या ओट्याचं दुकान. दुकान म्हणायचं नाही, स्टुडिओ. तिथला दाढीवाला मला म्हणतो, "मावशी, हे जिवंत मटेरियल आहे." जिवंत! मग त्याला लिंबू का सोसत नाही रे मेल्या? दही नको, चिंच नको, कोकम तर बघायलाच नको. आम्ही मालवणची माणसं, आंबट काढून घेतलंत तर आमच्या घरात शिजणार काय? हळद सांडली की पिवळा, तेल सांडलं की काळा, गरम टोप टेकवायचा नाही. दर वर्षी वरून कसलंसं पाणी मारतात, त्याचा वास उतरेस्तोवर स्वयंपाकघर बंद. आणि ही बघ, गॅसपाशी — दिसली भेग? दाढीवाल्याला बोलावलं, तर म्हणाला तो दोष नाही, कॅरॅक्टर आहे. आमच्या चाळीत कॅरॅक्टरातून झुरळं यायची, तुला सांगते.

आणि हे पांढरं — हो, तेच, मघापासून तुझे डोळे तिथेच आहेत — हे माझं काम. गेल्या वर्षी गणपतीच्या आधी पितळ घासायला काढलं. समई, ताम्हण, घंटा, तांब्या. चिंच आणि मीठ, आणखी कशाने निघतं पितळ? चाळीत मोरीत बसून घासायची, इथे मोरीच नाही, सिंकमध्ये समई मावत नाही, म्हणून मांडलं सगळं ओट्यावर. चिंच लावून ठेवली थोडा वेळ. भांडी अशी लखलखली! आणि उचलून बघते तर खाली सगळ्यांचे ठसे. हा ताम्हणाचा गोल, ही समईची बैठक. पुसून निघेना. डाग नाहीच म्हणे तो, आंबटाने सिमेंट खाल्लंय.  माझ्या मुलाने, स्वप्नीलने, फोटो काढला आणि दाढीवाल्याला पाठवला.

म्हणून ह्या वर्षी नैवेद्य बाहेरून. मोदक, ऋषीची भाजी, वाटाण्याची उसळ, सगळं खोक्यात येणार. मोबाइलवर चित्रं दाखवली मला, "आई, तुम्हालाही आराम." आराम? माझ्या सासूने मरेपर्यंत दुसऱ्या कोणाच्या हाताची उकड गणपतीसमोर ठेवली नाही, आणि मी ठेवणार ते प्लॅस्टिकच्या खाचांतले मोदक! धड हात चालतायत माझे.  … मी काय म्हटलं त्यांना? ते राहू दे. सरबत पी तू.

… नाही, पूर्वीने नाही. ग्रॅनाइट फोडायला तिने सांगितलं असं समजू नको, उगाच पोरीला नाव लागायला नको. मला विचारलं होतं. खरंच विचारलं होतं. स्वप्नीलने खुर्चीवर बसवलं, तो इकडे, ती तिकडे, आणि म्हणाला, "आई, स्वयंपाक तू करणार. ग्रॅनाइट ठेवू की काढू? तू म्हणशील तेच होईल." दोघं माझ्या तोंडाकडे बघतायत. असं मला उभ्या जन्मात कोणी विचारलं नव्हतं. जिभेवर आलं होतं, ठेवा म्हणून. दोन अक्षरं. आणि मी म्हणाले — हसत म्हणाले वर — "तुम्हाला आवडेल ते." मोदकांच्या वेळीही तेच. मेलं भेगेतून झुरळ निघावं तसं निघतं ते माझ्या तोंडातून, मला कळायच्या आत. मघापासून मी ओट्याला शी-शी करतेय, पण ओट्याचं काय गो, ओतला तसा बसलाय तो. शिसारी येते ती मला माझी येते. पोराने विचारलं होतं. कळलं तुला? विचारलं होतं त्याने.

बरं, ते जाऊ दे. माझा हा असा झाला, तुझा अजून व्हायचाय. उद्या माणूस येतोय. तुला कसा हवाय ओटा? आमच्या पूर्वीचा आहे तसा नको सांगू, फोटोतला नको सांगू. ओटा झाला की तू उभी राहणार आहेस तिथे रोज, तुला कसला हवाय? सांग ना. लाजतेस काय, मी काही कोणाला सांगायला जात नाही. … काय? … मोठ्याने बोल.

नवऱ्याला विचारून सांगतेस.

… हं.

संपलं सरबत? नाही, ट्रेमध्ये नको. ओट्यावर ठेव. हो, तिथेच, त्या कोऱ्याकरकरीत भागावर. कडेने थेंब ओघळलाय तर ओघळू दे, पुसू नको. ठेव म्हणते ना! … असा. आता जा तू. दार ओढून घे.