सात पानांखालचा केस

चहा घे बे, मंग माह्या खांद्याचं सांगतो. उजवा हात असा जाम झालता का बैलाच्या मानीवर जू ठेवता येईना. पेरनी महिनाभरावर आलती, म्हनून खामगावले फिजिओथेरपीच्या कॉलेजात गेलो. तिथं एका शिकाऊ पोरीनं माह्या खांद्यावर नुसते हात ठेवले अन् डोळे मिटले.

मी भडकलो. "बाई, तू झोपून राह्यली का इलाज करून राह्यली? बैलाले हात लावला का दुखनं सांगतो मी. मले नको शिकवू."

ते हासली. डोक्याचा एक केस तोडून वहीच्या पानाखाली ठेवला. "काका, चाचपून सांगा, केस कुठं हाय?"

सारं पान चाचपलं, काहीच लागेना. "तू केस ठेवलाच नाही," मी म्हन्लं. तिनं पान उचलून दाखवला.

"आता तुमी लपवा, काका."

मी मुद्दाम सात पानं वर टाकले. तिनं डोळे मिटून बोट हळूहळू फिरवलं, एका जागी थांबवलं. पानं उचलले तं केस बरोब्बर बोटाखाली.

"आमाले आधी हेच शिकवते, काका."

मी गुमान खांदा तिच्यासमोर केला. महिनाभर रोज गेलो. पेरनीले जू मीच ठेवलं.

आता बाजारात बैल पाहाले गेलो का हात लावाच्या आधी डोळे मिटतो. लोक म्हनतात, बुढा उभ्याउभ्या झोपला.

मी म्हनतो, गप राहा बे, शिकून राह्यलो.