आतलं बाळ, बाहेरचं बाळ

नाही, पण मला सांगा, आठ महिने सलग दोन तास न झोपलेल्या बाईने सुट्टीत जावं तरी कुठे? मी म्हटलं, समुद्र नको, डोंगर नको, मला नुसतं आडवं पडू द्या! तर नणंदेने यादी पाठवली. वाटेवरची साउंड हीलिंगची तीन केंद्रं. "वहिनी, सतरंजीवर पडायचं, ते धातूची वाडगी वाजवतात, नसा एकदम मोकळ्या!" म्हटलं, वाडगी काय, पातेली वाजवा, पण पडू द्या!

बाळाला घेऊन निघालो, वाटेत लॉजवर उतरलो. नवरा म्हणाला, "तू जा निवांत, मी आहे ना बाळापाशी." आता या माणसाला स्वतःचा चष्मा डोक्यावर असताना सापडत नाही... पण जाऊ दे, बाप आहे, शिकेल. गेले.

पहिलं केंद्र. पांढऱ्या कपड्यांतल्या ताई, आवाज इतका मऊ की 'चपला बाहेर काढा' हेसुद्धा आशीर्वादासारखं वाटावं. त्यांनी वाडग्याच्या कडेवरून दांडका फिरवला, ऊंऽऽऽ... आणि मला काय ऐकू आलं? ट्यँऽऽहँ! उठले ती अनवाणी पळत सुटले! लॉजवर जाऊन बघते, तर बाप-लेक गाढ झोपलेले. तोंडं उघडी, अगदी एकसारखी.

दुसरं केंद्र टेकडीवर. शंभर पायऱ्या! इथे परातीएवढी थाळी टांगलेली. घणऽऽऽ... आणि मला काय ऐकू आलं? ट्यँऽऽहँ! वर शेवटी गोल बसून प्रत्येकाने आपला अनुभव सांगायचा. एक निवृत्त बँक मॅनेजर म्हणाले, "अथांग सागर." त्यांची बायको माझ्या कानात, "घोरत होते हो." माझी पाळी आली. खोटं कशाला बोला! म्हटलं, "बाळ रडताना ऐकू आलं." गुरुजींचे डोळेच भरून आले. "माई, ते तुमच्या आतलं बाळ आहे!"

"अहो, आत होतं तेव्हा गप्प होतं! बाहेर आल्यापासून रडतंय!"

हसताय काय? मला खरंच धास्ती बसली होती. नळ सोडला, ट्यँऽऽहँ. लिफ्टचं दार, ट्यँऽऽहँ. नवरा शिंकला, तरी ट्यँऽऽहँ! हे कायमचंच राहिलं तर? सगळ्या आयांना असं होतं, की माझंच काही बिघडलंय? आईला विचारलं, तर म्हणे, "आमच्या वेळी नव्हतं बाई असलं काही." झालं, विषय संपला.

तिसऱ्या ठिकाणी मी जाणारच नव्हते. नवरा म्हणाला, "मी बाळाला घेऊन दाराबाहेरच बसतो, मग तर झालं?" गेले. पडले. ऊंऽऽऽ... आणि मला काय ऐकू आलं?

काही नाही! तुम्हाला सांगते, काही म्हणजे काही नाही!

डोळे उघडले तर सगळे उठून बसलेले आणि माझ्याकडे बघतायत. दारात नवरा, केस पिंजारलेले, कडेवर लालबुंद बाळ, हुंदके देतंय.

"पंचवीस मिनिटं किंचाळतोय हा! वरच्या मजल्यावरची माणसं खाली आली! आणि तू घोरतेयस!"

इथल्या ताईंनी मला हात जोडले. "अभिनंदन. तुम्ही बऱ्या झालात."

बऱ्या! आता भर दुपारी तो झोपतो, घर चिडीचूप, आणि मी टक्क जागी. काय ऐकू येतं म्हणता? काहीच नाही हो... पण न जाणो, तो रडत असेल आणि मलाच ऐकू येत नसेल! म्हणून त्याच्या पोटावर हात ठेवून बसून राहते आपली. काय करणार, बरी झालेय ना!